ज्योत्स्ना भट्ट आणि बडोद्याची माती

बडोद्याच्या कलेचा विषय आमच्या मंडळात निघाला की गाडी ठरलेल्या स्टेशनांवर थांबते. राजा रविवर्मा, मग १९५० साली सुरू झालेलं महाराजा सयाजीराव विद्यापीठाचं फाइन आर्ट्स, मग बेंद्रे, शंखो चौधुरी, के. जी. सुब्रमण्यन. म्हणजे चित्रं आणि शिल्पं. मातीच्या भांड्यांचं नाव कुणी काढत नाही. मंडळासाठी मी पूर्वी एक टिपण केलं होतं, त्यातही ते नव्हतं. ती चूक इथे दुरुस्त करतो.

ज्योत्स्नाबेनचा जन्म १९४० चा, कच्छमधल्या मांडवीचा. मुंबईच्या सर जे. जे. स्कूलमध्ये वर्षभर राहून त्या बडोद्याला आल्या आणि शंखो चौधुरींकडे शिल्पकला शिकल्या. साठच्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन म्युझियम आर्ट स्कूलमध्ये त्यांनी सिरॅमिक्सचं शिक्षण घेतलं. परत आल्यावर १९७२ पासून फाइन आर्ट्समध्ये तोच विषय शिकवू लागल्या, आणि २००२ मध्ये विभागप्रमुख म्हणून निवृत्त झाल्या. चित्रकार आणि छायाचित्रकार ज्योती भट्ट हे त्यांचे पती. बडोद्यात चाकावर बसणाऱ्या त्या पहिल्या नव्हेत. इरा चौधुरींचं काम त्यांच्या आधीचं. पण तीस वर्षं वर्ग चालवणं ही वेगळीच गोष्ट आहे.

का वेगळी, ते मला इंजिनिअर म्हणून सांगता येईल. माझा या पदार्थाशी संबंध विजेच्या खांबावरच्या इन्सुलेटरपुरता. त्यातून एक कळलं होतं, की माती कुणाचं ऐकत नाही. वाळताना आणि भाजताना ती साधारण दहावा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त आक्रसते. जाडी कमी-जास्त असली की तडकते. स्टोनवेअरची भट्टी १२०० अंश सेल्सिअसच्या वर जाते. तिथे मातीतला काही भाग वितळून काचेसारखा होतो आणि भांडं जवळजवळ पाणी शोषत नाही. टेराकोटा याहून कमी तापमानाला भाजतात, म्हणून ती सच्छिद्र राहते. वरच्या झिलईचंही तसंच. तांब्याचा ऑक्साइड मोकळ्या हवेच्या भट्टीत हिरवा येतो, हवा कोंडली तर लालही होतो. चित्रकाराला रंग समोर दिसतो. इथे भट्टी उघडेपर्यंत दिसत नाही.

ज्योत्स्नाबेननी या दोन्ही माध्यमांत काम केलं, पण झगमगाट टाळला. मंद, सायीसारख्या पोताची झिलई, शेवाळी हिरवा, निळसर-हिरवा, मातकट रंग. अशी मंद झिलई म्हणजे भट्टीतला नेमका हिशेब: योग्य मिश्रण आणि सावकाश थंड होणं, म्हणजे पृष्ठभागावर सूक्ष्म स्फटिक धरतात आणि चमक मोडते. विषय मात्र घरातले. मांजरी, पक्षी, कमळाच्या कळ्या, ताटल्या. त्यांची मांजर बघताना हात आपोआप पाठीवरून फिरवावासा वाटतो.

आता योगदान कुठे मोजायचं? चित्र संग्रहालयात जातं, त्याखाली पाटी लागते, कॅटलॉग निघतो. ताटली घरात जाते, तिच्यात फळं ठेवतात. १९६१ पासून फाइन आर्ट्सच्या मेळ्यात विद्यार्थी-शिक्षकांनी केलेली खेळणी आणि हातच्या वस्तू लोक परवडेल अशा भावात घेत आले. त्यातलं कितीतरी आजही शोकेसमध्ये असेल, आणि कुणाच्या हातचं ते घरातल्यांनाच आठवत नसेल. शिक्षकाचं काम तर याहून अदृश्य. तीस वर्षांच्या तुकड्या चाक, झिलई, भट्टी शिकून बाहेर पडल्या. आज भारतात मातीकडे कलेचं माध्यम म्हणून बघितलं जातं, त्यात या वर्गाचा वाटा आहे.

११ जुलै २०२० रोजी ज्योत्स्नाबेन बडोद्यातच गेल्या. लॉकडाऊनचं वर्ष, चार माणसांनी एकत्र बसून आठवणी सांगायचीही सोय नव्हती.

म्हणून एक छोटी विनंती. घरात मेळ्यातून आणलेली मातीची वस्तू असेल तर ती उलटी करून तळ बघा. खूण किंवा सही दिसली तर फोटो काढा, आणि ती कधी, कुणी आणली ते घरातल्या मोठ्यांना विचारून लिहून ठेवा. माती टिकते हो, आठवणच आधी फुटते.