रिद्धपूरपासून सुरू होणारी वाट : मुक्त पत्रकाराचं जगणं आणि छंद

मराठी पत्रकारितेचा आढावा मुंबई-पुण्याच्या छापखान्यांपासून सुरू करायची आपल्याकडे रीत आहे. मुक्त पत्रकारांविषयी लिहायचं, तर मी वऱ्हाडापासून, मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरपासून सुरुवात करीन. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलं ते इथेच. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या आठवणी विरून जाऊ नयेत, या एका ध्यासानं त्यांनी आधी स्वामींचे शिष्य नागदेवाचार्य यांच्याकडून लीळा, म्हणजे स्वामींच्या आयुष्यातले प्रसंग, उतरवून घेतल्या. मग ज्यानं जे पाहिलं, त्यालाच गाठून विचारायचं, म्हणून ते गावोगाव हिंडले. बातमीदारीचा हा पहिला धडा आजही बदललेला नाही : ऐकीव गोष्टीवर विसंबू नये, डोळ्यांनी पाहिलेल्या माणसापर्यंत जावं.

‘लीळाचरित्र’ वाचताना जाणवते ती तपशिलाची भूक. प्रसंग कोणत्या गावी घडला, स्वामी कुठे उतरले, कोणी काय वाढलं, कोणी काय विचारलं, हे सारं त्यात आहे, तेही साध्या बोलत्या मराठीत. चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू यांच्या चरित्रातही तेच. रिद्धपुरातल्या मातंगांचे पाण्यावाचून हाल होत होते. त्यांची विनवणी ऐकून गोविंदप्रभूंनी त्यांच्या विहिरीची सोय केली, ही लीळा त्यात नोंदलेली आहे. गावाच्या कडेला राहणाऱ्या माणसाची तहान ग्रंथात नोंदण्याजोगी वाटणं, ही मला पत्रकाराची दृष्टी वाटते. मूळ पोथी पुढे धामधुमीत हरवली आणि अनुयायांनी आठवणीतून ती पुन्हा उभी केली. त्यातून वेगवेगळे पाठ निर्माण झाले आणि तेही जपले गेले. एकाच घटनेच्या दोन साक्षी जुळल्या नाहीत, तर दोन्ही ठेवाव्यात, हा प्रामाणिकपणा त्यात आहे.

याच महानुभाव मंडळींत महदाइसा होती. ती स्वामींना सतत प्रश्न विचारी आणि रिद्धपुरात गोविंदप्रभूंच्या विवाहाच्या प्रसंगी तिनं धवळे, म्हणजे लग्नगीतं, रचली. खोदून खोदून विचारणारी जिज्ञासू बाई आणि गाणी रचणारी कवयित्री, दोन्ही एकाच जिवात नांदत होत्या. पत्रकाराचं काम आणि त्याचा छंद यांच्यात भिंत नसते, हे मला तिच्याकडे पाहून पटतं.

आधुनिक काळात हे सर्वांत ठळक दिसलं डॉ. अनिल अवचटांमध्ये. 1944 साली ओतूरला जन्मलेला हा माणूस शिकला डॉक्टरकी, पण रमला लोकांत. बिहारच्या दुष्काळाच्या अनुभवातून ‘पूर्णिया’ हे पुस्तक 1969 साली आलं. पुढे निपाणीचे तंबाखू कामगार, हमाल, विणकर अशा कष्टकऱ्यांवर त्यांनी लिहिलं. 1986 साली पत्नी डॉ. सुनंदा यांच्यासह त्यांनी पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. आणि हे सगळं करता करता ते लाकूड कोरत, बासरी वाजवत, चित्रं काढत, कागदाला घड्या घालून पक्षी-प्राणी करत. चौकोनी कागदाला एक घडी चुकीची पडली की पुढचं सगळं बिघडतं. लाकडाच्या रेषेविरुद्ध पटाशी चालवली की ढलपी उडते. हाताला लागलेलं हे सबुरीचं वळण त्यांच्या लेखनात उतरलं. समोरचा माणूस बोलायचा थांबला, तरी ते घाई करत नसावेत, असं त्यांचे लेख वाचताना वाटतं. 2022च्या जानेवारीत ते गेले.

अशा लेखनाला दैनिकात जागा कधीच पुरली नाही. ती दिली साप्ताहिकांनी आणि दिवाळी अंकांनी. का. र. मित्र यांनी 1909 साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून वीस-पंचवीस पानांचा ऐवज निवांत वाचणारा वाचक महाराष्ट्रात तयार झाला. मुक्त पत्रकाराचं खरं घर हेच.

आजच्या विदर्भात ही वाट चालू आहे. पत्रकार पी. साईनाथांनी इथल्या कापूस उत्पादकांच्या आत्महत्या देशासमोर मांडल्या आणि 2014 साली ‘पारी’ हा ग्रामीण भारताचा ऑनलाइन संग्रह उभा केला. तिथलं बरंच लेखन मराठीतही येतं. नागपूरचे पत्रकार जयदीप हर्डीकर यांनी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कापूस शेतकऱ्याच्या आयुष्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. ते 2021 साली प्रसिद्ध झालं. आत्महत्येचा प्रयत्न करून वाचलेल्या त्या माणसाकडे पुनःपुन्हा जाणं, त्याचं पीक, कर्ज, घर समजून घेणं, हे डेडलाइनच्या धबडग्यात होत नाही.

पण या स्वातंत्र्याची किंमत मुक्त पत्रकार स्वतःच्या खिशातून मोजतो. मानधन लेख छापून आल्यावर, तेही कधी महिन्यांनी. एसटीचं भाडं, मुक्काम, चहापाणी पदरचं. आजारपणाची रजा नाही, म्हातारपणाची सोय नाही. तालुक्याच्या गावी काम करणाऱ्या स्त्री पत्रकाराला तर रात्री परतायचं कसं, इथपासून विचार करावा लागतो. अशा वेळी छंद ही चैन राहत नाही, तो कामालाच हातभार लावतो. पक्षी ओळखणारा वार्ताहर आटलेल्या तळ्याची बातमी इतरांआधी टिपतो. भजनी मंडळात बसणाऱ्याला गावाच्या मनातलं कळतं. वऱ्हाडीतल्या म्हणी वहीत गोळा करणाऱ्याशी शेतकरी मोकळेपणानं बोलतो.

3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठही आलं. तिथे पोथ्यांचा अभ्यास व्हावाच, पण म्हाइंभटांची पद्धतही शिकवली जावी : गावात जाऊन ऐकायचं, साक्ष तपासायची, माणसाच्या बोलीत लिहायचं. विद्यार्थ्यांना वर्षभर एका गावात राहून लिहिण्यासाठी पाठ्यवृत्ती द्यावी. आणि दिवाळी अंकांच्या संपादकांनी मानधनाबरोबर प्रवासखर्चही आगाऊ द्यावा. आपल्या भाषेचा सर्वांत जुना गद्य ठेवा एका माणसाच्या पायपिटीतून उभा राहिला. आजच्या पायपिटीची सोय करणं हे आपलं कर्तव्य आहे.