संथा, परवचा आणि साहित्याचे स्मरण

तौलनिक साहित्याच्या अभ्यासात दोन संहिता एकाच वेळी समोर असतात, असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात एक संहिता समोर असते आणि दुसरी स्मरणात असते. तुकारामांचा अभंग वाचताना कबीराचे पद आठवलेच नाही, तर तुलनेला आरंभच होत नाही. दोन्ही पुस्तके ग्रंथालयात शेजारी उभी असली तरी ती आपण होऊन एकमेकांशी बोलत नाहीत. म्हणून स्मरण हा परीक्षेपुरता प्रश्न नसून या अभ्यासपद्धतीची ती पूर्वअट आहे. तरीही आपल्या अभ्यासक्रमांत संशोधनपद्धतीला स्वतंत्र अभ्यासपत्रिका असते आणि वाचलेले चित्तात कसे राहते, या प्रश्नाला एखादे व्याख्यानही मिळत नाही.

महाराष्ट्राबाहेरच्या विद्यापीठांत ही उणीव अधिक जाणवते. वारकरी घरात वाढलेल्या विद्यार्थ्याच्या कानावरून शंभरेक अभंग नकळत गेलेले असतात. मल्याळम् वा असमिया मातृभाषा असलेला विद्यार्थी मराठीकडे येतो तेव्हा त्याच्यापाशी ही पूर्वस्मृती नसते. ती त्याला प्रयत्नाने घडवावी लागते. तो पुस्तक पुन्हा पुन्हा वाचतो, ओळींखाली रेघा मारतो, टिपणे सुबक अक्षरात उतरवून काढतो. श्रम प्रामाणिक असतात. फळ मात्र त्या मानाने थोडे मिळते. याचे कारण मेंदूच्या शिकण्याच्या रीतीत आहे.

स्मरणाचे मापन प्रथम केले ते हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने. १८८५ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथातील प्रयोगांचा विषय तो स्वतःच होता. निरर्थक अक्षरगट पाठ करायचे, काही काळाने ते पुन्हा पाठ करायचे आणि दुसऱ्या खेपेस किती श्रम वाचले ते मोजायचे, अशी त्याची पद्धत होती. वीस मिनिटांनी सुमारे ५८ टक्के श्रम वाचत, एका दिवसाने सुमारे ३४ टक्के, तर महिन्याने सुमारे २१ टक्के. विस्मरणाचा मोठा घाला पहिल्या काही तासांतच पडतो आणि पुढे त्याचा वेग मंदावतो. साहित्याच्या अभ्यासकांनी सहसा न पाहिलेली एक गोष्टही याच ग्रंथात आहे. तुलनेसाठी एबिंगहाउसने बायरनच्या ‘डॉन जुआन’ या काव्यातील कडवी पाठ केली, आणि त्यांस निरर्थक अक्षरांच्या जवळजवळ एक-दशांश श्रम पुरले. छंद, यमक आणि अर्थ ही केवळ काव्याची भूषणे नसून स्मरणाचे आधारही आहेत, याची मोजमाप झालेली ही पहिली साक्ष म्हणता येईल. डेव्हिड रुबिन यांनी १९९५ साली मौखिक परंपरांवरील ग्रंथात हाच विचार विस्ताराने मांडला : अर्थ, प्रतिमा आणि नाद हे तिन्ही मिळून पुढचा शब्द कोणता असू शकेल याचा परीघ आवळत नेतात.

पुनर्वाचनाच्या प्रश्नावर निर्णायक प्रकाश टाकला तो हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांच्या २००६ मधील प्रयोगाने. विद्यार्थ्यांच्या एका गटाने गद्य उतारा चार सत्रांत वाचला. दुसऱ्या गटाने तो पहिल्या सत्रात वाचला आणि पुढची तीन सत्रे न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना ८३ टक्के भाग आठवला आणि आठवून लिहिणाऱ्यांना ७१ टक्के. आठवड्याने मात्र पारडे फिरले : वाचणाऱ्यांपाशी ४० टक्के उरले, आठवणाऱ्यांपाशी ६१ टक्के. विशेष असे की आपल्याला अधिक आठवेल अशी खात्री वाचणाऱ्या गटालाच जास्त होती. पुनर्वाचनाने संहिता ओळखीची वाटू लागते आणि ओळखीलाच आपण ज्ञान समजतो. आठवणे ही मात्र निराळी क्रिया आहे. मेंदूत आठवण ही पेटीत ठेवलेल्या वस्तूसारखी नसते. ती चेतापेशींमधील जोडण्यांच्या बळावर टिकते, आणि ज्या वाटेने आठवण वर आणावी लागते ती वाट चालल्यानेच रुळते.

हे वाचताना आपल्याकडील दोन जुने शब्द आठवावेत : संथा आणि परवचा. संथेत गुरू चरण एकदा म्हणतो आणि शिष्य तो दोनदा म्हणतो. चूक झाली तर तेथल्या तेथे दुरुस्त होते. परवचा म्हणजे दिवेलागणीला पाढे, पावकी, निमकी, स्तोत्रे पुस्तकावाचून म्हणणे. एकात आठवणे आणि लगेच ताडून घेणे आहे. दुसऱ्यात आठवणीची रोजची, अंतराने होणारी उजळणी आहे. घोकंपट्टीला आपण दोष दिला तो योग्यच होता, कारण अर्थावाचून पाठ केलेले बहुधा पाठच राहते, उपयोगी पडत नाही. पण घोकंपट्टीबरोबर आपण आठवण्याची शिस्तही टाकून दिली आणि पुनर्वाचन मात्र ठेवून घेतले. सोडायचे ते धरले आणि धरायचे ते सोडले, असे माझे स्पष्ट मत आहे.

वेदपाठाच्या विकृती या दृष्टीने पाहण्यासारख्या आहेत. क्रमपाठात पदे जोडीजोडीने पुढे सरकतात : पहिले-दुसरे, दुसरे-तिसरे. जटापाठात प्रत्येक जोडी सुलट, उलट आणि पुन्हा सुलट म्हणायची. घनपाठात तिसरे पदही या उलटसुलटीत ओवले जाते. अर्थाचा आधार येथे मुद्दाम तोडला आहे, कारण उलट क्रमाने म्हटलेल्या पदांना वाक्यार्थ उरत नाही. अर्थाच्या ओघात एखादा सोयीचा शब्द घुसण्याची वाटच त्यामुळे बंद होते. जेम्स हार्टझेल आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली २१ वैदिक पंडितांच्या मेंदूंची प्रतिमाचित्रे तितक्याच इतर व्यक्तींशी ताडून प्रसिद्ध केली. भाषा आणि स्मृती यांच्याशी निगडित अनेक भागांत, हिप्पोकॅम्पस या स्मृतीच्या घडणीत मध्यवर्ती असलेल्या भागासह, पंडितांमध्ये करड्या द्रव्याचे प्रमाण अधिक दिसले. हा फरक पाठांतरानेच घडला, असे एका वेळच्या चित्रांवरून सिद्ध होत नाही. वृत्तपत्रीय उत्साहाने ही मर्यादा पुष्कळदा झाकली जाते. शिवाय या विद्येचे दार स्त्रियांना आणि शूद्रांना बंद होते, हे विसरून तिचा गौरव करणे अर्धवट ठरेल. मराठीत स्मरणाची थोर परंपरा त्या दाराबाहेरही वाढली : जात्यावर, फडावर आणि महानुभावांच्या मठांत. बहिणाबाई चौधरी यांना लिहितावाचता येत नव्हते. त्यांची गाणी इतरांनी उतरून घेतली म्हणून १९५२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, ग्रंथरूप झाली.

येथवर अचूक स्मरणाचा विचार झाला. तौलनिक अभ्यासकाला मात्र स्मरणाच्या चुकण्याचाही विचार करावा लागतो. फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ च्या ग्रंथात केंब्रिजमधील वाचकांना एक उत्तर अमेरिकी आदिवासी लोककथा वाचायला देऊन ती पुढे वेळोवेळी आठवून सांगायला लावली. कथा दर वेळी आखूड झाली, आणि तिच्यातील परके ते ओळखीचे झाले : होडगे जाऊन नाव आली, भुतांचा संदर्भ गळाला, न उमगणाऱ्या घटनांना कारणे चिकटली. स्मरण जणू नकळत अनुवाद करीत होते, आणि तोही देशीकरणाच्या दिशेने. वर्गात अनुवादित कथा न पाहता लिहायला सांगितली की हेच दिसते. नात्याची संबोधने तर हटकून बदलतात, मामीची काकू होते. परक्या संहितेचे परकेपणच ज्यांच्या अभ्यासाचा विषय, त्यांना हा धोका लहान नाही. केवळ आठवत राहिलो तर आपण आपलीच संहिता दृढ करीत जाऊ.

या धोक्याची जाण महानुभावांना होती असे ‘लीळाचरित्रा’च्या घडणीवरून वाटते. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या त्यांच्याकडून मिळविल्या आणि नागदेवाचार्यांकडून त्या पारखून घेतल्या. मूळ पोथी धाडीत गेल्यानंतर स्मरणातून ती पुन्हा सिद्ध झाली, असे परंपरा सांगते. त्या स्मरणकर्त्यांत हिराइसा या स्त्रीचे नाव अग्रभागी आहे. भिन्न आठवणी आल्या तेथे त्या पुसून एकच केल्या नाहीत. ‘वासना’ म्हणून शेजारी नोंदविल्या. पाठभेदाला वासना म्हणणे हा शब्दप्रयोग स्मरणाच्या शास्त्रालाही शोभावा.

अभ्यासकाने करावयाचे ते यातूनच निघते. प्रकरण वाचून संपले की पुस्तक मिटावे आणि युक्तिवाद, प्रसंगक्रम, निदान दोन मूळ ओळी कोऱ्या कागदावर उतरवाव्यात. मग पुस्तक उघडून ताडावे, आणि जेथे आपण बदल केला तेथे वेगळ्या शाईने खूण करावी. काय विसरलो यापेक्षा काय बदलले याची यादी तौलनिक अभ्यासकाला अधिक मोलाची, कारण तीत त्याचे स्वतःचे संस्कार उघडे पडतात. उजळणीतील अंतर किती असावे, यावर निकोलस सेपेडा आणि सहकाऱ्यांचे २००८ मधील संशोधन उपयुक्त आहे : आठवड्याने आठवायचे असेल तर त्या काळाच्या सुमारे २० ते ४० टक्के, म्हणजे दोनएक दिवसांचे अंतर फलदायी ठरते, वर्षाने आठवायचे असेल तर ५ ते १० टक्के, म्हणजे तीन ते पाच आठवड्यांचे. शोधप्रबंधाचा पसारा चार-पाच वर्षांचा असतो, तेव्हा एकेका संहितेकडे काही महिन्यांनी, आधी पुस्तकावाचून आणि मग पुस्तकासह परतावे. कविता मात्र मोठ्याने म्हणूनच आठवावी आणि शक्य तर मूळ भाषेत, उच्चार अडखळला तरी. अनुवादाच्या स्मरणात छंदाचा आधार बहुधा गळालेला असतो, आणि एबिंगहाउसने बायरनच्या कडव्यांत जे श्रम वाचविले त्यांतला मोठा वाटा त्या आधाराचाच असावा.