सेवाभावी संस्था आणि तेथील सेवकवर्ग

दिंडोशीला संघटित लोककार्याची परंपरा आहे. मृणाल गोरे व बाबूराव सामंत यांच्या नेतृत्वाखाली नागरी निवारा परिषदेने येथे अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी वसाहत उभी केली. अशा उपनगरांतून बालवाड्या, अभ्यासिका, वसतिगृहे चालविणाऱ्या अनेक संस्था आढळतात. त्यांच्या कार्याविषयी पुष्कळ लिहिले जाते. परंतु तेथे वेतनावर राबणाऱ्या शिक्षिका, लेखनिक, शिपाई यांच्याविषयी क्वचितच. या सेवकांचे मन कामात कसे रमावे, हा प्रश्न व्यवस्थापनशास्त्राचा मानला जातो. आमच्या मते तो प्रथम शीलाचा प्रश्न होय.

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी धन्याची सेवकांप्रती पाच कर्तव्ये सांगितली आहेत. शक्तीनुसार काम नेमून देणे, अन्न व वेतन देणे, आजारपणात शुश्रूषा करणे, विशेष पक्वान्न वाटून घेणे आणि योग्य वेळी सुटी देणे, ही ती कर्तव्ये होत. सेवकाची पाच कर्तव्ये त्यानंतर येतात. हा क्रम अर्थपूर्ण आहे. धन्याने आपले कर्तव्य केले म्हणजे सेवकाची निष्ठा त्याला उत्तर म्हणून येते. ती आधी मागावयाची वस्तू नाही.

सेवाभावी संस्थांत हा क्रम अनेकदा उलटा होतो. 'हे समाजाचे काम आहे' या एका वाक्यावर वेतन लांबणीवर पडते आणि रविवारचा दिवस कार्यक्रमात जातो. सेवकाने आपला वेळ आनंदाने दिला, तर ते दानच आहे. परंतु दानाचे मूल्य देणाऱ्याच्या चेतनेत असते. नोकरी जाण्याच्या भीतीने दिलेला वेळ दान ठरत नाही. न दिलेले घेणे म्हणजे अदिन्नादान. त्यापासून विरत राहण्याचे शील आपण नित्य ग्रहण करतो. ते कार्यालयाच्या दाराबाहेर ठेवता येईल काय?

दुसरी गोष्ट मोकळेपणाची. वर्षावासाच्या शेवटी भिक्खू पवारणा करतात. आपल्या आचरणात काही दोष पाहिला, ऐकला वा शंकिला असेल तर सांगावा, अशी विनंती प्रत्येकजण संघास करतो, आणि आरंभ ज्येष्ठ थेरापासून होतो. आपल्या संस्थांत वार्षिक मूल्यमापन बहुधा कनिष्ठांचेच होते. वर्षातून एकदा अध्यक्ष व कार्यवाह यांनी सेवकांपुढे बसून आपले दोष विचारले, तर अनेक मुकी दुःखे बोलकी होतील. मात्र बोलणाऱ्यास पुढे त्रास होणार नाही, याची हमी आधी दिली पाहिजे.

बाबासाहेबांचा वारसाही हेच सांगतो. 1942 साली मजूरमंत्री या नात्याने त्यांनी सरकार, मालक व कामगार यांच्या त्रिपक्षीय परिषदेचे अध्यक्षपद भूषविले. 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत बोलताना भिक्खुसंघाच्या सभानियमांत ठराव, गणपूर्ती व मतमोजणी असल्याचे त्यांनी दाखवून दिले. ज्याच्यावर निर्णयाचा परिणाम होतो, त्याचे म्हणणे निर्णयापूर्वी ऐकावे, हे तत्त्व लहानशा बालवाडीलाही लागू आहे.

तेव्हा संस्थाचालकांना आमची विनंती एवढीच की, नव्या प्रकल्पाचा ठराव मांडण्यापूर्वी सेवकांचे थकलेले वेतन, रजा आणि आजारपणातील साहाय्य यांचा हिशेब सभेपुढे ठेवावा. करुणेचे कार्य करणाऱ्या संस्थेची पहिली परीक्षा तिच्याच कार्यालयात होते.