साठ की आठ?

मावळात पावसाळा लागला की घरातली म्हातारी माणसे एकाएकी कमी बोलू लागतात. लोक म्हणतात, हवा मानवत नाही, सांधे धरतात. तेही खरे असेल. पण पत्र्यावर चार महिने कोसळणारा लोणावळ्याचा पाऊस हेही एक कारण आहे. त्या आवाजातून शेजारच्याचे बोलणे निवडून घेणे तरुण कानाला जमते, सत्तरीच्या कानाला जमत नाही. दोनदा ‘काय?’ विचारून झाले की तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटते आणि माणूस नुसती मान डोलावतो. घरच्यांना वाटते, आजोबांना कळले. आजोबांना काहीच कळलेले नसते.

बँकेत असताना पेन्शनच्या दिवशी हा प्रकार मी पुष्कळ पाहिला. रेल्वेतून, कारखान्यांतून निवृत्त झालेली माणसे खिडकीशी येत. कारकुनाने ‘बाबा, साठ हजार शिल्लक आहेत’ म्हटले की एखादे बाबा दचकून विचारत, ‘आठच कसे?’ रांगेत हशा पिके. पण त्या बाबांनी ‘साठ’मधला फक्त ‘स’ गमावलेला असे, बाकीचे सगळे नीट ऐकलेले असे. आपल्या बोलण्यातले स्वर भारदस्त, खालच्या पट्टीचे असतात. स, श, च, ट, फ ही व्यंजने मात्र बारीक आणि उंच पट्टीची, आणि शब्दाचा अर्थ बहुतेक त्यांच्यावरच तोललेला असतो. म्हणून अशा माणसांची तक्रार ठरलेली असते: ‘आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत.’ घरात ती थट्टेवारी नेली जाते. वास्तविक एवढे अचूक वर्णन डॉक्टरलाही करता येणार नाही.

बारीक आवाजच आधी का जावेत? कानाच्या अगदी आत, कवटीच्या कठीण हाडात, वाटाण्याएवढा एक शंख असतो. पाठ्यपुस्तकांत त्याला कर्णावर्त म्हणतात. अडीच वेढ्यांचा हा शंख उलगडून सरळ केला तर जेमतेम साडेतीन सेंटिमीटर भरेल. त्यात द्रव असतो आणि पडद्यावर ओळीने मांडलेल्या पंधरा-सोळा हजार केशपेशी असतात. आवाजाची लाट आत शिरली की प्रत्येक पट्टीचा आवाज आपापल्या ठराविक जागी सर्वात जास्त हलतो: उंच पट्टी शंखाच्या तोंडाशी, खालची पट्टी टोकाशी. ही लाट ज्याने प्रथम डोळ्यांनी पाहिली तो गेओर्ग फॉन बेकेशी डॉक्टर नव्हता. बुडापेस्टच्या टपाल खात्याच्या प्रयोगशाळेत तो टेलिफोनचे काम करी, आणि मृतांच्या कानांवर प्रयोग करता करता त्याने हे शोधले. त्याबद्दल १९६१ साली त्याला नोबेल मिळाले. झीज सुरू होते ती सहसा शंखाच्या तोंडाकडून. पेन्शनरचा ‘स’ राहत असतो तो तिथेच.

या केशपेशी जन्माला येताना मिळतात तेवढ्याच. गेल्या की गेल्या. कानात कोमट तेल सोडण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे, पण धड असलेल्या कानाच्या पडद्यापलीकडे तेल जात नाही. कर्णावर्त तर आणखी आत.

मोठ्या आवाजाने कान जातात हे कामगारांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. ग्लासगोच्या थॉमस बार या डॉक्टरने १८८६ मध्ये बॉयलर बनवणारे शंभर कामगार तपासले. त्यांतल्या एकाचीही श्रवणशक्ती धड निघाली नाही. आपला बोरघाट तेव्हा असल्याच बॉयलरच्या जोरावर चालत होता. १८६३ साली घाटातून गाडी सुरू झाली तेव्हापासून विजेची इंजिने येईपर्यंत, म्हणजे १९३० च्या सुमारापर्यंत, सदतिसास एक अशा चढावर वाफेची इंजिने बोगद्याबोगद्यांतून धापा टाकत होती. गाडीला मागून जोर लावणाऱ्या इंजिनाला आजही ‘बँकर’ म्हणतात. आमच्या पेशाशी त्याचा संबंध नाही, आम्ही बहुधा मागे ओढत असू. लोणावळ्यातच १९४५ पासून ‘आयएनएस शिवाजी’ या नौदलाच्या तळावर जहाजांच्या इंजिनांचे शिक्षण दिले जाते, आणि जहाजाची इंजिनरूम ही कानांच्या दृष्टीने जगातल्या वाईट जागांपैकी एक. तिथे कानांवर संरक्षक टोपणे घालणे हा शिस्तीचा भाग असतो. गावात मात्र ती शिस्त नाही.

नाही, असे ठासून म्हणण्याला आता शास्त्राचा आधार आहे. पूर्वी समजूत अशी होती की मिरवणुकीतून आल्यावर कान दडे बसल्यासारखे झाले आणि दोन दिवसांनी मोकळे झाले, म्हणजे काही बिघडले नाही. २००९ मध्ये बॉस्टनच्या शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांना दोन तास शंभर डेसिबलचा आवाज ऐकवला. काही दिवसांत उंदरांची ऐकण्याची चाचणी पूर्ववत आली, केशपेशीही शाबूत होत्या. पण केशपेशी आणि श्रवणचेतेचे तंतू यांना जोडणारे सूक्ष्म सांधे तपासले, तेव्हा काही भागांत जवळजवळ निम्मे सांधे कायमचे तुटलेले आढळले. माणसांच्या मृत्यूनंतर तपासलेल्या कानांतही वयाबरोबर केशपेशींपेक्षा हे तंतूच अधिक गेलेले दिसतात. शांत खोलीत ‘टीं’ असा आवाज ऐकायला थोडे तंतू पुरतात. पावसात, लग्नाच्या हॉलमध्ये, एस. टी. स्टँडवर शब्द निवडायला मात्र सगळी फौज लागते. त्यामुळे ऑडिओग्राम चांगला आणि तक्रार तरीही खरी, असे होऊ शकते.

याचा अर्थ ढोल-ताशा पथकातल्या आणि डीजेच्या भिंतीपुढे नाचणाऱ्या पोरांनी समजून घ्यायला हवा. डेसिबलचा हिशेब चक्रवाढ व्याजासारखा आहे: दहाने वाढला की ऊर्जा दसपट. २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा पंचावन्न डेसिबलची मर्यादा आहे. शंभर डेसिबल म्हणजे त्याच्या तीस हजार पटींहून अधिक. ढोल बंद करा असे मी म्हणत नाही. तो ऐकून माझेही पाय हलतात. पण पाच रुपयांचे कानातले बोळे घालून वाजवले तर ताल चुकत नाही.

घरातल्या एका नेहमीच्या भांडणाचे मूळही या शंखातच आहे. सून हळू बोलली तर सासऱ्यांना ऐकू येत नाही, मोठ्याने बोलली तर ‘ओरडतेस कशाला?’ म्हणून ते रागावतात. तिला वाटते, मुद्दाम करतात. पण बाहेरच्या बाजूच्या केशपेशींचे काम हलका आवाज वाढवून देण्याचे असते. त्या गेल्या की हलके बोलणे पोचत नाही, मोठे मात्र होते तेवढ्याच जोराने येऊन आदळते. मधली जागाच उरत नाही. ओरडल्याने शिवाय स्वर फुगतात, ‘स’ तिथेच राहतो. त्यापेक्षा मिक्सर थांबवून, समोर येऊन, तोंड दिसेल असे सावकाश बोललेले बरे.

कोंबडीचे मात्र वेगळे. मावळात रस्त्याकडेला पोल्ट्रीच्या लांबलचक शेड दिसतात. तिथल्या कुठल्याही कोंबडीच्या केशपेशी मेल्या तरी काही आठवड्यांत नव्या उगवतात, हे १९८०च्या दशकात उघड झाले. पक्ष्याला जमते ते आपल्याला का जमू नये, या प्रश्नामागे तेव्हापासून प्रयोगशाळा लागल्या आहेत. दुसरीकडे, जन्मजात बहिरेपणाच्या एका प्रकारात ‘ओटोफर्लिन’ या प्रथिनाचे जनुक सदोष असते. केशपेशी असतात, पण त्यांचा निरोप चेतेपर्यंत जात नाही. शांघायच्या डॉक्टरांनी अशा सहा मुलांच्या कानात निर्दोष जनुक सोडले आणि पाच मुलांना ऐकू येऊ लागले, असा अहवाल जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

वयामुळे गेलेल्या कानांना त्याचा उपयोग नाही. त्यांच्यासाठी आजही श्रवणयंत्रच. चष्मा लावणारा विद्वान दिसतो आणि यंत्र लावणारा म्हातारा, अशी काहीतरी समजूत आपण करून घेतली आहे, त्यामुळे माणसे ते दहा-दहा वर्षे टाळतात. तोवर मेंदूला बारीक आवाजांची सवय सुटते. अमेरिकेत २०२३ मध्ये पूर्ण झालेल्या एका मोठ्या चाचणीत सगळ्या वृद्धांचा एकत्र विचार केला तर यंत्राने बुद्धीच्या ऱ्हासात फरक पडला नाही. पण ज्यांना त्याचा धोका मुळात जास्त होता, त्यांचा ऱ्हास तीन वर्षांत जवळजवळ निम्म्याने मंदावला.

आणि यंत्र घेतल्यावर आठ दिवसांत ते कपाटात का जाते, तेही सांगतो. पहिल्या दिवशी भांड्यांचा खणखणाट, पंख्याची घरघर, वर्तमानपत्राची सळसळ, सगळेच अंगावर येते. मेंदूने वर्षानुवर्षे न ऐकलेले आवाज ते. त्यातले कुठले सोडून द्यायचे हे त्याला नव्याने शिकायला काही आठवडे लागतात. म्हणून सुरुवात शांत खोलीत, एकाच माणसाशी गप्पा मारून करावी, रोज तास-दोन तास. टीव्ही पुढच्या आठवड्यात. लग्नाचा हॉल आणि पत्र्यावरचा पाऊस त्याच्याही नंतर.