भिंतीला कान नसावेत

मुंबईच्या फोर्टात काळा घोड्याजवळ एस्प्लनेड मॅन्शन उभी आहे. मूळचं हे वॉटसन हॉटेल. इंग्लंडमध्ये ओतलेले लोखंडी खांब आणि तुळया जहाजाने आणून 1860 च्या दशकात ते उभं केलं गेलं. 1896 साली ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रं मुंबईने पहिल्यांदा पाहिली ती इथेच. पुढे हॉटेल बंद पडलं, खोल्यांचे गाळे झाले. हायकोर्ट आणि सेशन्स कोर्ट हाकेच्या अंतरावर, म्हणून वकिलांनी तिथे बस्तान बसवलं. 2005 मध्ये इमारतीचा काही भाग कोसळला आणि 2019 मध्ये ती रिकामी करावी लागली.

फोर्टातल्या अशा चेंबरांमध्ये जागा इतकी अपुरी की खुर्ची मागे सरकवली तर पुस्तकांच्या कपाटाला लागायची. त्या खोल्यांची थोरवी मी गाणार नाही. अंधार, कोंदटपणा आणि जुनी वायरिंग काही भल्याची नव्हती. पण दार लावलं की आत वकील आणि अशील, एवढेच उरत. आज मोठ्या लॉ फर्म लोअर परळला गिरण्यांच्या जागी झालेल्या टॉवरांत आणि वांद्रे-कुर्ला संकुलात आहेत. तिथे उजेड भरपूर, हवा थंड, लिफ्ट वेगवान. या नव्या ऑफिसांची आखणी करताना पहिला प्रश्न विचारला जातो तो रिसेप्शन कसं दिसेल हा. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा हवा: अशिलाचं बोलणं कुठवर ऐकू जाईल?

हा प्रश्न आवडीनिवडीचा नाही, कायद्याचा आहे. अशिलाने वकिलाला विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्याच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही, हे संरक्षण 1872 च्या पुरावा कायद्याच्या कलम 126 मध्ये होतं. 1 जुलै 2024 पासून ते भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 132 मध्ये आहे, आणि ते दुभाषे, कारकून व वकिलांच्या कर्मचाऱ्यांनाही लागू आहे. अशिलाला काय सल्ला दिला याची चौकशी करायला वकिलांनाच समन्स काढण्याच्या प्रकाराला सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये आवर घातला. न्यायालय ज्या संभाषणाला इतकं जपतं, ते जिप्समच्या पातळ पार्टिशनमधून शेजारच्या केबिनीत ऐकू जाणार असेल तर तो केवळ इंटिरियरचा दोष राहत नाही.

आवाज निसटतो कुठून, हे बघायला फॉल्स सीलिंगचं एक चौकोनी पॅनेल सरकवून आत टॉर्च मारावा. बऱ्याच ऑफिसांत दृश्य सारखंच असतं. केबिनची भिंत फॉल्स सीलिंगपाशी येऊन संपलेली, वर स्लॅबपर्यंत मोकळी पोकळी, आणि एसीचा डक्ट या केबिनीच्या डोक्यावरून त्या केबिनीत गेलेला. खाली भिंतीला कितीही महागडं व्हिनियर लावा, बोलणं वरून जातंच. दुसरी वाट दाराखालची. दारासकट दहा चौरस मीटर भिंत धरू आणि ती 50 डेसिबल आवाज अडवते असं मानू. दार 90 सेंटिमीटर रुंद आणि त्याच्याखाली फक्त एक सेंटिमीटरची फट. गणित मांडलं तर त्या एका फटीमुळे 50 चे जेमतेम 30 उरतात. साधं बोलणं साधारण 60 डेसिबलचं असतं. म्हणजे पलीकडच्या शांत केबिनीत ते 30 डेसिबलने पोहोचतं, आणि कान दिला तर शब्द कळतात.

उपाय माहीत असलेलेच आहेत, खर्चही अवाढव्य नाही. भिंत थेट स्लॅबपर्यंत न्यावी, जिप्समच्या दुहेरी थरांमध्ये रॉकवूल भरावी, डक्टला आतून आवाज शोषणारं अस्तर द्यावं. दार भरीव असावं आणि ते बंद होताच खाली उतरणारी रबरी पट्टी त्याला बसवावी. दोन केबिनींचे स्विचबोर्ड भिंतीत पाठीला पाठ लावून बसवू नयेत. तेवढ्या भोकातूनही आवाज जातो. काचेचा मोह असेल तर लॅमिनेटेड काच घ्यावी, काचांमधले सांधे बुजवावेत आणि बसलेल्या माणसाच्या चेहऱ्याच्या उंचीला फ्रॉस्टेड फिल्म लावावी. नाही तर घटस्फोटासाठी कोण आलंय हे सगळ्या मजल्याला दिसतं. आणि हे सगळं पहिल्या आराखड्यातच हवं, कारण फॉल्स सीलिंग लागल्यावर भिंत वर नेणं म्हणजे केलेलं काम उखडणं.

मग सगळं ऑफिसच बंद खोल्यांचं करावं का? तसं केलं तर ज्युनिअरांचं नुकसान होतं. वकिली पुस्तकातून जितकी शिकता येते त्याहून जास्त सीनिअर फोनवर कसा बोलतो, कुठे थांबतो, काय बोलायचं टाळतो, हे शेजारी बसून ऐकताना शिकता येते. म्हणून ऑफिसचे दोन भाग असावेत. पुढच्या भागात बाहेरून येणाऱ्यांसाठी पक्क्या बंद खोल्या, आणि कार्डाशिवाय न उघडणाऱ्या दारामागे मोकळी कामाची जागा. लवादाची कामं असतील तर पुढच्या भागात सुनावणीच्या एका मोठ्या खोलीला जोडून दोन लहान खोल्या हव्यात, दोन्ही पक्षांना वेगवेगळी मसलत करता येईल अशा. 2020 नंतर व्हिडिओ सुनावणी रुळली, तेव्हा एक छोटी खोली तिच्यासाठीही राखावी: कॅमेरा डोळ्यांच्या उंचीला, उजेड समोरून, मागे साधी भिंत.

पुस्तकांचं काय करायचं, हा प्रश्न मला विशेष जिव्हाळ्याचा वाटतो. नागपूरहून निघणाऱ्या ए.आय.आर.मध्ये 1914 पासूनचे निकाल आहेत. बॉम्बे लॉ रिपोर्टर 1899 मध्ये सुरू झाला. आता निवाडे संगणकावर सापडतात, आणि ते बांधीव खंड रिसेप्शनमागे शोभेला मांडले जातात. मला वाटतं ते ज्युनिअरांच्या टेबलांजवळ, हात पोहोचेल अशा उंचीवर ठेवावेत. शोधताना शेजारचा निवाडा नजरेखालून जातो, ते शिक्षण फुकट मिळतं.

फायलींच्या कपाटांचं मापही बदललं आहे. जुना लीगल कागद 14 इंच लांब. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2020 पासून ए-फोर आकार आणि दोन्ही बाजूंनी छपाई स्वीकारली. नवी कपाटं ए-फोरची करून भागत नाही, कारण जुन्या फायली पुढची कित्येक वर्षं जपाव्या लागतात. दोन्ही मापांची सोय हवी. रुळांवर सरकणारे कॉम्पॅक्टर जागा वाचवतात, पण ऑफिसचा मजला चौरस मीटरला साधारण 250 ते 400 किलो भार धरून बांधलेला असतो आणि कागदाने ठासून भरलेला कॉम्पॅक्टर त्यापलीकडे सहज जातो. स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय तो बसवू नये, जुन्या इमारतीत तर मुळीच नाही.

दर्शनी भागाबद्दल थोडक्यात. बार कौन्सिलच्या नियम 36 प्रमाणे वकिलाला जाहिरात करता येत नाही आणि पाटीही वाजवी आकाराचीच हवी. वकिलाचं ऑफिस म्हणजे दुकानं व आस्थापना कायद्यातलं व्यापारी आस्थापन नव्हे, असं केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1984 मध्ये म्हटलं होतं. तो निकाल नोंदणीपुरता होता, पण रिसेप्शन आखताना तो लक्षात ठेवण्यासारखा आहे.

हे सगळं मला आत्ता निकडीचं वाटतं ते कोल्हापूरमुळे. हायकोर्टाचं सर्किट बेंच 18 ऑगस्ट 2025 पासून तिथे सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांचे पक्षकार आता तिथे येतात, आणि त्यांच्यासाठी नवी ऑफिसं थाटली जातील. मुंबईच्या टॉवरांची नक्कल तिथे चालणार नाही. वाटणीच्या दाव्यात माणूस एकटा येत नाही. भाऊ, वहिनी, मुलगा, गावचा जाणता माणूस असे पाच-सहाजण एसटीने येतात. त्यांना बसायला बाक, प्यायला पाणी, स्वच्छ संडास आणि पिशव्या ठेवायला कोपरा लागतो. अशिलाशी बोलायची खोली तळमजल्यावर असावी. एक फूट उंच जोत्याला 1:12 च्या प्रमाणात बारा फूट उतार लागतो. अंगणात सरळ तेवढी जागा नसेल तर मध्ये सपाट टप्पा घेऊन तो वळवता येतो. व्हीलचेअरसाठी दाराची मोकळी रुंदी तीन फूट हवी.

आणि ऐकू कमी येणाऱ्या आजोबांना मृत्युपत्राचा मसुदा मोठ्याने वाचून दाखवावा लागतो, तेव्हा बाहेरच्या बाकावर त्यांचाच धाकटा मुलगा बसलेला असू शकतो. म्हणून या एका खोलीची स्लॅबपर्यंतची भिंत आणि भरीव दार पहिल्याच अंदाजपत्रकात धरावं. इटालियन मार्बल पुढच्या वर्षी बसवला तरी चालतो.