वर्गातील नवा सोबती

पनवेल हे पूर्वीपासून व्यापाराचे व वाहतुकीचे गाव आहे. आजही कामधंद्याच्या शोधात अनेक कुटुंबे येथे येतात. कोणी कर्नाटकातून येतो, कोणी उत्तर प्रदेश किंवा बिहारमधून. रायगड जिल्ह्यातील कातकरी कुटुंबेही पावसाळा सरला की बिऱ्हाड पाठीवर घेऊन वीटभट्ट्यांकडे जातात. आईबापांबरोबर मुले येतात आणि वर्गात एका नव्या सोबत्याची भर पडते.

हा नवा विद्यार्थी पुष्कळदा गप्प बसतो. त्याला बुद्धी कमी असते म्हणून नव्हे, तर भाषा अनोळखी असते म्हणून. कन्नड मुलाला 'ळ' सहज उच्चारता येतो. पण लिपी नव्याने शिकावी लागते. हिंदी भाषक मुलाला देवनागरी अक्षरे ओळखीची असतात. परंतु 'ळ' म्हणताना त्याची जीभ अडखळते. शिवाय त्याच्या घरी 'शिक्षा' म्हणजे शिक्षण, आणि मराठीत 'शिक्षा' म्हणजे दंड! अशा वेळी वर्ग हसला, तर तो बोलणेच सोडतो; आणि बोलल्यावाचून कोणतीही भाषा येत नाही.

कोकणातील मुलांनीही परदेशी हेच अनुभवले आहे. पनवेलमध्ये बेने इस्रायली समाजाचे १८४९ सालचे 'बेथ एल' हे प्रार्थनामंदिर आहे. या समाजाची मातृभाषा मराठी. १९४८ साली इस्रायल राष्ट्र स्थापन झाल्यानंतर कोकणातील अनेक बेने इस्रायली कुटुंबे तिकडे गेली. प्रार्थनेतील हिब्रू त्यांच्या कानांवर होती. पण शाळेत सर्वच विषय त्या भाषेत शिकावयाचे होते, आणि ती तर उजवीकडून डावीकडे लिहितात.

भारतात २००९ साली शिक्षणहक्काचा कायदा झाला. त्यानुसार ६ ते १४ वर्षे वयाच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे. जुन्या शाळेचा दाखला येण्यास उशीर झाला, तरी प्रवेश नाकारता येत नाही. मुलाला त्याच्या वयास योग्य अशा वर्गात घ्यावे लागते.

कायद्याने शाळेचे दार उघडते. पुढचे काम वर्गसोबत्यांचे आहे. नव्या मुलाला शेजारी बसवावे. त्याचे नाव नीट उच्चारावे. न समजलेला शब्द खुणेने किंवा चित्राने समजावून द्यावा. खेळात त्याला आपल्या गड्यांत घ्यावे. त्याच्या भाषेतील चार शब्दही आवडीने शिकावेत. मग तोही बोलू लागतो, आणि परके वाटणारे गाव हळूहळू त्याचे होते.