ओटीपोटाचा तळ

दिवाळी सरत आली की पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या वाड्यावस्त्या रिकाम्या होऊ लागतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. तो ऊस तोडतो, ती मोळी बांधते आणि डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढते. याच अहिल्यानगर जिल्ह्यात उत्तरेला प्रवरानगर आहे, विठ्ठलराव विखे पाटलांच्या सहकारी कारखान्याचं. ऊस पिकवणारा, गाळणारा आणि तो तोडायला माणसं धाडणारा असा हा जिल्हा. मोळी उचलताना लघवी सुटते, खोकलं की लुगडं ओलं होतं, शौचाला बसलं की अंग बाहेर येतं, या गोष्टी कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपड्यांत, बायका एकमेकींना सांगतात. डॉक्टरसमोर बसल्यावर मात्र कंबरदुखीवरच बोलणं थांबतं.

ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या जघनास्थीपासून मागच्या माकडहाडापर्यंत, स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय तिच्या आधारावर असतात. बाळाचं डोकं बाहेर येताना तिच्या अगदी आतल्या भागाला मूळ लांबीच्या तिपटीहून अधिक ताणावं लागतं, असं मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००४ मध्ये संगणकावरच्या प्रतिकृतीतून दाखवलं. त्याआधी २००३ मध्ये जॉन डीलान्सी आणि सहकाऱ्यांनी पहिलटकरणींचे एमआरआय काढले होते. १६० जणींपैकी ३२ जणींच्या स्नायूत इजा दिसली, तर कधीच बाळंत न झालेल्या ८० जणींपैकी एकीतही नाही. म्हणजे त्या पाहणीतल्या पाचातल्या एकीला पहिल्याच बाळंतपणात जखम झाली आणि टाके घालणाऱ्यालाही ती दिसत नाही. त्यावर पुढची बाळंतपणं, चुलीच्या धुरानं जडलेला खोकला, बद्धकोष्ठ आणि डोक्यावरचं ओझं यांचा दाब वर्षानुवर्षं पडत राहतो.

हे दुखणं मोजायचं तर बाई दवाखान्यात येण्याची वाट पाहून भागत नाही, हा धडा महाराष्ट्रानंच जगाला दिला. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि निष्कर्ष जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते, सरासरी प्रत्येकीला ३.६. पूर्वी कधी तशी तपासणी झालेल्या मात्र जेमतेम ८ टक्के. त्यात जंतुसंसर्गाचा वाटा मोठा होता. लघवी सुटणं हा त्या अभ्यासाचा मुख्य विषय नव्हता. तरीही त्याची पद्धत इथं लागू पडते: गावात जा, विश्वास कमवा, विचारा, तपासा.

न विचारता उपाय केला की काय होतं, ते शेजारच्या बीडनं दाखवलं. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. पांढरं जातं, कंबर दुखते, पाळीत कामाचा खाडा पडतो. या सगळ्यावर एकच शस्त्रक्रिया. आता स्वीडनमधला २००७ चा अभ्यास पाहा. तीस वर्षांच्या नोंदी तपासून डॅनियल ऑल्टमन आणि सहकाऱ्यांना आढळलं, की गर्भाशय काढलेल्या स्त्रियांवर पुढे लघवी सुटण्यासाठी शस्त्रक्रिया करावी लागण्याचा धोका इतरांच्या दुपटीहून अधिक होता. तिशीतच पिशवी गमावून पुन्हा मोळी उचलणाऱ्या बाईच्या पुढ्यात काय वाढून ठेवलं आहे, या विचारानं मला फार अस्वस्थ व्हायला होतं. या स्त्रियांचा पुढच्या वीस वर्षांचा पाठपुरावा व्हायलाच हवा.

गर्भाशय राखून ते वर बांधण्याची विद्या तर आपल्याच शल्यविशारदांनी घडवली. गोव्यातल्या शिरोड्याचे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर जगाला गर्भाशयमुखाच्या टाक्यामुळे माहीत आहेत. त्यांनी मांडीतल्या चिवट पडद्याची पट्टी काढून उतरलेलं गर्भाशय मागे त्रिकास्थीला बांधण्याची शस्त्रक्रियाही दिली. मुंबईचे डॉ. बी. एन. पुरंदरे यांनी त्यासाठी पोटाच्या स्नायूंवरच्या आवरणाच्या पट्ट्या वापरल्या. ज्यांना अजून मूल हवं आहे अशा तरुणींसाठी हे काम होतं. पुढे जगभर योनिमार्गातून बसवायच्या कृत्रिम जाळ्या आल्या. त्यांनी इतक्या जणींना त्रास दिला, की अंग बाहेर येण्यावरच्या अशा जाळ्यांची विक्री अमेरिकेच्या औषध प्रशासनानं एप्रिल २०१९ मध्ये थांबवली.

पण बहुतेकींची सुरुवात शस्त्रक्रियेपासून व्हायची गरजच नसते. अमेरिकी डॉक्टर अर्नोल्ड केगल यांनी १९४८ मध्ये या स्नायूंचे व्यायाम मांडले. उपचारांच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात खोकताना-शिंकताना लघवी सुटणाऱ्या, व्यायाम केलेल्या स्त्रियांपैकी ५६ टक्के जणींनी त्रास गेल्याचं सांगितलं. न केलेल्यांपैकी ६ टक्के जणींनी. लघवी सुटू नये म्हणून किंवा वायू अडवण्यासाठी आपण जे स्नायू आवळतो, तेच वर ओढून धरायचे, श्वास न रोखता. एका वेळी आठ-बारा वेळा, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने. अंग बाहेर येत असेल तर आधाराची रिंगही बसवता येते. वयस्क स्त्रीला तिनं मोठा आराम पडतो. अचानक कळ येऊन संडासापर्यंत पोचवत नसेल, तर तो वेगळा प्रकार. त्यात लघवीच्या वेळा हळूहळू लांबवणं आणि औषधं उपयोगी पडतात. आधी मधुमेह आणि जंतुसंसर्ग मात्र तपासायलाच हवा.

नुसत्या तोंडी सूचनेनं भागत नाही, हेही सिद्ध झालेलं आहे. १९९१ मध्ये रिचर्ड बम्प यांनी ४७ स्त्रियांना थोडक्यात समजावून व्यायाम करायला लावला. निम्म्याच जणींना तो नीट जमला आणि चौथाई जणी तर खाली जोर देत होत्या, म्हणजे त्रास वाढेल अशा रीतीनं. शिकवणारं माणूस जवळ हवं, आणि इथं या जिल्ह्याचं बळ आहे. लोणीच्या प्रवरा संस्थेत वैद्यकीय महाविद्यालयाबरोबर फिजिओथेरपीचंही आहे. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये आरोग्य प्रकल्प सुरू केला आणि गावानं निवडलेल्या, बहुतेक निरक्षर बायांना आरोग्याचं शिक्षण दिलं. त्या बायांनी गरोदरपणाची तपासणी आणि सुरक्षित बाळंतपण आपल्या गावांत नेलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९७५ च्या पुस्तकात या प्रकल्पावर स्वतंत्र प्रकरण आहे. ज्यांनी एवढं शिकून दाखवलं, त्यांच्या लेकीसुनांना हा व्यायाम शिकवणं अवघड नाही.

वेळही ठरलेली आहे. बाळंतपणानंतर नवजात बाळासाठी आशाताई घरी येतात, शेवटची भेट ४२ व्या दिवशी. घरोघरच्या या नवजात-सेवेचं मूळही गडचिरोलीच्या बंग दांपत्याच्या कामात आहे. बाळाचं वजन झालं की आईला दोन प्रश्न विचारावेत: खोकताना लघवी सुटते का, खाली काही उतरल्यासारखं वाटतं का? हो म्हणाली, तर कोयत्याची आगाऊ उचल घेऊन निघण्याआधी तिची तपासणी व्हावी आणि व्यायाम तिला कुणीतरी समोर बसून शिकवावा.